खंडीतली एक गुंज

बंगळूर शहराच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यालगत बनशंकरी अम्मांचे जे देवालय आहे, त्याचे वय फारसे नाही. 1915 सालची ती बांधणी. परंतु त्या देवालयाची रीत अशी काही विलक्षण आहे की आपल्याकडच्या पंचांगनिष्ठ माणसाने ती पाहून क्षणभर थबकावे. जो राहुकाळ इतरत्र लोक चुकवतात, तो येथे गाठतात. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी त्या दीड तासात बायकांची रांग लागते, अर्ध्या कापलेल्या लिंबाचा रस पिळून टाकून साल उलटी करतात, तिच्या वाटीत तूप आणि वात घालून दिवा लावतात, आणि असे शेकडो दिवे एकाच वेळी तेवत असता मंडपात लिंबाच्या सालीचा किंचित करपट सुवास भरून राहतो. या देवीचे मूळ पीठ विजापूर-बदामीकडचे. शाकंभरी हे तिचेच दुसरे नाव, आणि महाराष्ट्रातील कित्येक देशस्थ घराण्यांप्रमाणे आमच्याही घरी कुलाचाराला तिचेच नाव घेतात. त्यामुळे बनशंकरी दुसऱ्या स्टेजमध्ये राहणाऱ्या आत्याकडे माझा पौषातला मुक्काम हा नात्याचा आणि कुलधर्माचा असा दुहेरी हिशेबाचा असतो.

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही सारी भावंडे काका म्हणतो, ते तुर्भ्याच्या अणुभट्टीच्या आवारात उपकरणांवर आयुष्य काढून निवृत्तीनंतर मुलाकडे येथे आले. त्यांच्या कपाटात ज्ञानेश्वरी आणि जुने दिवाळी अंक यांच्या शेजारी एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ आहे. त्याच्या पहिल्या पानावर नोंद अशी की हा ग्रंथ म्हणजे संयुजी-आंदोलने या विषयावरील पाचव्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा वृत्तांत होय. परिषदेची तारीख 5 ते 9 जानेवारी 1987, स्थळ बंगळूर, आणि संपादक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एल. सी. गुप्ता व एस. के. मलिक. मी कुतूहलाने जुने पंचांग काढून पाहिले, तर तो पौषाचा शुक्लपक्ष होता आणि त्याच आठवड्यात शाकंभरीचे नवरात्र बसले होते. म्हणजे ज्या दिवसांत देवीच्या नैवेद्यासाठी बाजारात भाज्यांच्या जुड्या निवडल्या जात होत्या, त्याच दिवसांत या शहरात देशोदेशीचे पदार्थविज्ञ इलेक्ट्रॉनाचे वजन अकस्मात हजारपट का वाढते या प्रश्नाचा खल करीत बसले होते.

या प्रश्नाचा उगम सांगावयाचा तर 1975 सालाकडे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आंद्रेस, ग्रेबनर आणि ऑट या तिघांनी सेरियम व ॲल्युमिनियम यांच्या एका संयुगाची विशिष्ट उष्णता निरपेक्ष शून्याच्या अगदी निकट मोजली. धातूतील इलेक्ट्रॉन तापताना किती उष्णता पोटात घेतात यावरून त्यांचे परिणामी वस्तुमान काढता येते; तांब्यासारख्या साध्यासुध्या धातूत ते मोकळ्या इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाहून फारसे वेगळे नसते. या संयुगात मात्र उष्णतेचा तो गुणक तांब्याच्या दोन हजारपटींहूनही अधिक निघाला. इलेक्ट्रॉन तर तोच होता. त्याचे वजन कोणी वाढविलेले नव्हते. तो वागत मात्र असा होता, की जणू त्याच्या पाठीवर कोणी धोंडा बांधला आहे. ‘जड फर्मिऑन’ हे नाव पुढे रूढ झाले ते याच वर्तनामुळे.

चार वर्षांनी, 1979 मध्ये, जर्मनीतील फ्रँक स्टेग्लिश आणि त्यांचे सहकारी यांनी सेरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात या जड इलेक्ट्रॉनांनाच अतिसंवाहकता येते, म्हणजे त्यांची वीज विनाविरोध वाहते, असे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. तोपर्यंतचा अनुभव असा होता की अतिसंवाहकाचे आणि चुंबकत्वाचे हाडवैर. लँथॅनममध्ये शेकडा एक भाग गॅडोलिनियमचे चुंबकी अणू मिसळले तरी अतिसंवाहकता नाहीशी होते. येथे तर शेकडा एक भाग काय, स्फटिकाच्या प्रत्येक कोष्ठात चुंबकी सेरियम ठाण मांडून बसलेला, आणि तरीही 0.6 केल्व्हिनच्या आसपास विरोध शून्य! विरोधक घरात घेऊन संसार सुखाचा व्हावा, तशातला हा प्रकार.

सेरियम हे नाव मराठी वाचकास परके वाटेल, पण तो धातू आपल्या घरी येऊन गेलेला आहे. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्तीच्या जाळीत सुमारे 99 भाग थोरियमचा आणि एक भाग सेरियमचा ऑक्साइड असे, आणि पांढरा लखलखाट पडे तो त्या एका भागाच्या पुण्याईने. विडी शिलगावण्याच्या लायटरमधील चकमकीच्या खड्यातही मुख्यत्वे सेरियमच असतो. तो येतो मोनाझाइट नावाच्या वाळूतून, आणि ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर शोमबर्ग नामक एका जर्मन गृहस्थास 1909 साली आढळली. आपल्या सरकारने 1950 साली ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी उभी केली ती तीच वाळू देशात निवडता-शोधता यावी म्हणून.

सेरियमच्या अणूत आतल्या बाजूच्या एका कोशात एकच एक इलेक्ट्रॉन असतो, आणि त्या एकट्यामुळे तो अणू इवल्याशा होकायंत्रासारखा चुंबकी होतो. या होकायंत्रापुढे दोन वाटा असतात. एक अशी की शेजारच्या होकायंत्रांशी धातूतील फिरत्या इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने संधान बांधून सर्वांनी एका शिस्तीत उभे राहावे. दुसरी अशी की त्या फिरत्या इलेक्ट्रॉनांनीच एकेका होकायंत्रास वेढा घालून त्याची दिशा पुसून टाकावी. ही दुसरी वाट जपानी पदार्थविज्ञ जुन कोंडो यांनी 1964 साली उलगडली; सोन्याच्या तारेचा विरोध थंड करीत गेल्यावर कमी होण्याऐवजी पुन्हा वाढू लागतो, हे जे कोडे 1934 पासून दप्तरी पडून होते, त्याचा निकाल त्यांनी लावला. दोन्ही वाटांचे बळ जेथे जवळजवळ तुल्य असते तेथे हे जड इलेक्ट्रॉन जन्मतात, हे स्थूलमानाने डोनियाक यांनी 1977 साली मांडले. हिशेब मांडण्याची एक उपयुक्त रीत बंगळुराच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढे दीर्घकाळ अध्यापन केलेल्या टी. व्ही. रामकृष्णन यांनी 1981 च्या सुमारास दाखविली होती. 1987 च्या परिषदेला बंगळुरात भरण्याचा अधिकार होता तो असा. आणि इतिहासप्रेमी माणसाने हेही ध्यानात ठेवावे, की टाटा संस्था स्वतः 1 जून 1945 रोजी जन्मली ती याच शहरात, विज्ञान संस्थेच्या आवारात, आणि त्या वर्षअखेरीस मुंबईस गेली.

एके दुपारी मी काकांस विचारले, “काका, उष्णता मोजून जडपणा कळला, विरोध मोजून अतिसंवाहकता कळली, मग स्फटिकात न्यूट्रॉन सोडून पाहण्याची तुमची कटकट कशाला?”

ते म्हणाले, “अरे, उष्णता मोजणं म्हणजे गावाचा एकूण सारा किती वसूल झाला ते कळणं. कोणत्या शेतात काय पिकलं ते त्यातून कळतं का? ते बघायला पाहणीला माणूस पाठवावा लागतो. न्यूट्रॉन म्हणजे आमचा पाहणी कामगार.”

उपमा रसाळ असली तरी मला ती अपुरी वाटली, कारण पाहणीला क्ष-किरणही पाठविता येतात आणि ते कितीतरी मुबलक असतात. मग न्यूट्रॉनच का? या ‘का’चे उत्तर वजनात दडलेले आहे, आणि ते मला जुन्या मराठी कोष्टकाने समजले.

इलेक्ट्रॉन हजारपट जड झाला म्हणजे काय झाले? तो हजारपट मंद झाला. साध्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या व्यवहाराचे मोजमाप हजारो केल्व्हिनच्या भाषेत करावे लागते. जड फर्मिऑनांत तेच व्यवहार दहा-वीस केल्व्हिनच्या आत, म्हणजे ऊर्जेच्या मापात मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट एक-दोन, येथे आटोपतात. आता अणूंच्या अंतराएवढी, 1.8 अँगस्ट्रॉम तरंगलांबी असलेला क्ष-किरण घ्या. त्याच्या कणाची ऊर्जा सुमारे 6,900 इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याने स्फटिकात जाऊन मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टाएवढी ऊर्जा गमावली तर तो त्याच्या संपत्तीचा 69 लाखांतला एक भाग झाला. आपल्या जुन्या मापांत आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, 80 तोळ्यांचा शेर, 40 शेरांचा मण आणि 20 मणांची खंडी. गुणून पाहा, खंडीत 61,44,000 गुंजा भरतात. क्ष-किरणाकडून हे काम घेणे म्हणजे खंडीभर जोंधळ्याच्या राशीतून एक गुंज कमी झाली हे हाताने उचलून ओळखण्यासारखे आहे. याच तरंगलांबीचा न्यूट्रॉन मात्र सेकंदाला 2,200 मीटर एवढ्या सावकाश गतीने चालतो आणि त्याची ऊर्जा 25 मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्याच्या गाठीचा एक मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट गेला तर सव्वासहा शेरांतला पावशेर गेला, आणि एवढी तूट तर भाजीवालीसुद्धा बोलून दाखवील. (अलीकडे प्रचंड वर्तुळाकार त्वरकांवरील क्ष-किरणांनी खंडीतली गुंजही ओळखण्याची किमया साधली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, परंतु चुंबकत्व त्यांना सहज दिसत नाही ते नाहीच.) न्यूट्रॉन विद्युत्‌भाररहित म्हणून धातूच्या आत खोलवर जातो, आणि स्वतः लहानसा चुंबक असल्यामुळे आत गेल्यावर अणूंच्या चुंबकत्वाने वळतो. मंदाची गती मंदालाच कळते.

न्यूट्रॉनांच्या या गुणाचा पहिला निर्णायक उपयोग झाला 1949 साली. अमेरिकेतील ओक रिज येथे क्लिफर्ड शल व सॅम्युएल स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉनांचा झोत सोडला, आणि क्ष-किरणांना कधी न दिसलेली जादा शिखरे थंडीत उगवलेली पाहिली. शेजारशेजारचे चुंबक उलटसुलट उभे राहतात हे लुई नेएल यांचे भाकीत रुजू झाले. पलीकडे कॅनडात चॉक रिव्हर येथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी त्रिअक्षीय वर्णपटमापक उभारला, ज्यात पहिला स्फटिक ठराविक गतीचे न्यूट्रॉन निवडतो, मधला नमुना त्यांना विखुरतो, आणि तिसरा स्फटिक परतणाऱ्यांची गती तपासतो. जाताना किती होते आणि येताना किती उरले, यांतील फरक हीच साक्ष. शल व ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळाले ते 1994 साली, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. पारितोषिकालाही मंद गतीचा संसर्ग झाला असावा!

ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली 1956–57 च्या सुमारास एक तरुण भारतीय काम करीत होता. पी. के. अय्यंगार हे त्यांचे नाव, आणि जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपनांवर त्या दोघांनी मिळून लिहिलेला प्रबंध आजही या विद्येच्या पायाभरणीत गणला जातो. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्यात अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, 1960 च्या जुलैत 40 मेगॅवॉटची सायरस आली, आणि अय्यंगार परतले ते यंत्र विकत घेण्याची यादी घेऊन नव्हे. यंत्र येथेच घडवायचे असा त्यांचा हट्ट. स्फटिक, गणित्र, शिशाचे व मेणाचे कवच, कोन मोजणारी चाके हे सारे मुंबईच्या कारखान्यांत तयार होऊ लागले, आणि इतक्या विश्वासाने, की 1965 पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या मध्यस्थीने झालेल्या त्रिपक्षी करारान्वये भारताने असा एक वर्णपटमापक फिलिपीन्सला दिला. ज्या देशाच्या नावाने आपण त्या काळी अन्नधान्याच्या जहाजांची वाट पाहिल्याच्या कथा सांगतो, त्या देशाने त्याच वर्षांत परदेशी शास्त्रज्ञांना न्यूट्रॉन शिकविले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी का गाळावी हे मला कळत नाही. एन. एस. सत्यमूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी जस्त-निकेल फेराइटांतील तिरकस चुंबकरचना 1969 साली उकलली, ती याच परंपरेतली.

मग ध्रुव. 8 ऑगस्ट 1985 रोजी ती भट्टी प्रथम क्रांतिक झाली. शक्ती 100 मेगॅवॉट, जड पाणी, नैसर्गिक युरेनियम. परंतु इंधनाच्या जुडग्यांत अनावर कंपने होऊ लागल्याने तिला पूर्ण शक्तीवर पोचावयास 1988 चा जानेवारी उजाडला. म्हणजे बंगळुरात जगभरचे पंडित जड फर्मिऑनांवर वाद घालीत असता देशातील सर्वांत प्रखर न्यूट्रॉनझोत अद्याप पुरता उजळलेलाच नव्हता. काकांच्या आयुष्याचा बराच भाग याच वर्षांत गेला. “दिवसा कंपनांची चर्चा, रात्री सायरसवर मोजणी,” ते सांगतात. “तुझी आत्या म्हणायची, तुम्हांला न्यूट्रॉनांनी जावई करून घेतलंय.”

मोजणी हा शब्द वाचकाने हलका घेऊ नये. न्यूट्रॉनांचे चुंबकी प्रकीर्णन, म्हणजे विखुरणे, अणूच्या चुंबकी परिबलाच्या, त्या इवल्या होकायंत्राच्या बळाच्या, वर्गाच्या प्रमाणात असते. परिबल दहावा हिस्सा झाले की शिखर शंभरावा हिस्सा होते. 1985 साली युरेनियम-रुथेनियम-सिलिकॉनच्या संयुगात 17.5 केल्व्हिनला एक मोठे स्थित्यंतर सापडले, आणि 1987 मध्ये न्यूट्रॉनांनी तेथे चुंबकी परिबल दाखविले ते केवळ 0.03 बोर मॅग्नेटॉनचे. एका मॅग्नेटॉनाच्या चुंबकाच्या मानाने त्याचे शिखर हजारात एकाहूनही कमी. एवढ्याशा परिबलातून एवढी मोठी उष्णतेची उलथापालथ होणे शक्य नाही, हे तेव्हाच सर्वांना दिसले. मग खरी व्यवस्था कोणती, या प्रश्नाला ‘गुप्त क्रम’ असे नाव देऊन लोक आजही त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालीत आहेत. स्टेग्लिश यांच्या संयुगाचा निकाल तरी लागला, पण किती काळाने! अतिसंवाहकता येताच चुंबकी स्पंदनांत अंतर पडते आणि त्यातून वाचणारी ऊर्जा अतिसंवाहकतेला पुरून उरते, असे युरोपातील भट्ट्यांवर न्यूट्रॉनांनी दाखविले ते 2011 साली. ज्याला वैरी समजले तोच चुंबकत्वाचा गुण मध्यस्थ निघाला, पण जबानी नोंदवायला बत्तीस वर्षे लागली.

येथे आपल्याकडच्या एका हकिगतीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 1994 साली टाटा संस्थेत आर. नागराजन, चंदन मजुमदार, एस. के. धर, एल. सी. गुप्ता आदींनी निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या चौघटकी अतिसंवाहकांचे एक नवे कुलच शोधून काढले. त्यातले होल्मियमचे संयुग 8 केल्व्हिनला अतिसंवाहक होते आणि 5 केल्व्हिनच्या आसपास चुंबकत्वाशी झगडताना जवळजवळ हरते, तर यटर्बियमचे संयुग अतिसंवाहक होण्याऐवजी जड फर्मिऑन होऊन बसते. न्यूट्रॉनांसाठी याहून उत्तम सामग्री कोणती? परंतु बोरॉन हा न्यूट्रॉनांचा राक्षस आहे. निसर्गातील बोरॉनचा सुमारे पाचवा हिस्सा जो बोरॉन-10, तो न्यूट्रॉन गिळूनच टाकतो, आणि अणुभट्टीचे नियंत्रण करणाऱ्या दांड्यांत त्याला मुद्दाम घालतात ते याचसाठी. तेव्हा पाहणी करणाऱ्यांना आधी बोरॉन-11 वेगळा काढलेला विकत घ्यावा लागला आणि त्याचाच नमुना वितळवावा लागला. घरचा शोध घरच्या दिव्यात पाहण्याआधी तेलच बदलावे लागले.

1987 च्या जानेवारीनंतर काय झाले तेही थोडक्यात सांगून टाकतो. परिषद संपून महिना होतो न होतो तोच तांब्याच्या ऑक्साइडांत द्रव नायट्रोजनच्या तापमानावर अतिसंवाहकता सापडल्याची वार्ता आली, आणि जगभरच्या प्रयोगशाळा, बंगळुराच्याही, तिकडे धावल्या. सेरियमपाशी थोडे लोक उरले. त्यांपैकी देवशीभाई अद्रोजा यांच्यासारखे काही मुंबईतून निघून इंग्लंडातील आयसिस या स्पंदित न्यूट्रॉनांच्या केंद्रावर स्थिरावले, आणि सेरियम-रुथेनियम-ॲल्युमिनियमच्या संयुगातील 27 केल्व्हिनला होणाऱ्या, आकाराने इवल्या पण तापमानाने नको तितक्या उंच अशा चुंबकी क्रमाचा पाठपुरावा करीत राहिले. तुर्भ्यातील झोतांवर विद्यापीठीय माणसांनाही वेळ मिळावा अशी तजवीज पुढे आंतरविद्यापीठीय संघटनेने केली. माझे मत विचाराल तर गर्दी ओसरल्यावर उरलेल्यांनीच या विषयाची खरी मशागत केली. बंगळुराच्या त्या ग्रंथातील सिद्धांत आज पुष्कळसे जुने झाले आहेत, पण त्यातील मोजमापे अजून कामाला येतात.

या शहरात विज्ञानाचा दिवा लिंबाच्या दिव्यांशेजारीच लागत आला आहे, हे मला फार आवडते. बनशंकरीला लागूनच बसवनगुडी, आणि तेथल्या नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी 1962 साली सुरू केलेले सायन्स फोरम. हे गृहस्थ ओहायोहून अणुपदार्थविज्ञानाची डॉक्टरेट घेऊन आले, खादी नेसत, वसतिगृहाच्या खोलीत राहत, आणि चमत्कारांची उलटतपासणी मागत. काका तेथील व्याख्यानांना जातात आणि परतताना आत्यासाठी देवळाबाहेरून लिंबेही आणतात. यात त्यांना विसंगती वाटत नाही आणि मीही ती काढून दाखविली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. आत्या राहुकाळाची वेळ पाहून तुपाची वाटी भरीत होती. मी काकांना म्हटले, “काका, हजारात एक म्हणजे नेमकं किती अवघड, ते मला अजून समजलं नाही.”

त्यांनी दिनदर्शिकेचे उलटून गेलेले पान फाडले आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलने लिहू लागले. “हजारात एक राहू दे, शंभरात एक धर. समज, शिखराच्या जागी तासाभरात 10,100 न्यूट्रॉन मोजले आणि बाजूला, जिथं काही नाही तिथं, 10,000. काय म्हणशील?”

“शंभर जास्त. शिखर आहे.”

“घाई नको. दहा हजारांच्या मोजणीत शंभराचा चढउतार आपोआपच असतो. दोन मोजण्यांची वजाबाकी केली की तो 140 होतो. तुझे शंभर त्या 140 मध्ये बुडाले. हिशेब रुजू व्हायला चढउताराच्या तिप्पट तरी फरक हवा.” त्यांनी दोन ओळींत गणित मांडले आणि उत्तराखाली रेघ मारली. “अठरापट मोजायचं. एका बिंदूला अठरा तास.”

आतून आत्याने हाक मारली, “अहो, लिंबं कापून देता का? वेळ होत आली.”

काका उठले. दारातून वळून म्हणाले, “आणि बिंदू किती घ्यायचे, ते तू ठरव.”